पत्ते रुसतात म्हणे

शनिवार, दिवेलागण, नल्लकुंटा

आज परत वरच्या मजल्यावरच्या पूजाकडे गेले. पोर पुण्याची, कंप्युटरच्या नोकरीत, सुट्टीला टॅरोचे पत्ते मांडते. मी मैत्रिणीचं म्हणून विचारलं, "शेवटी नवऱ्यानं तिला ओळखलं का?"

"आजी, मागे बहिणीचं म्हणून हेच विचारलंत! तोच प्रश्न परत केला की पत्ते रुसतात."

"रुसू देत. जन्मभर रुसका नवरा मनवलाय मी."

दोघी हसलो. पत्ता काही तिनं काढला नाही.

शेवटी शेवटी यांना कुणी ओळखू येईना. मलाच विचारायचे, "बाई, आमची शांता कुठाय?" मीच शांता म्हटलं की घाबरायचे. मग मी सांगायची, "आबिड्सला साड्या बघत बसलीय. येईल." खूश व्हायचे. चहा गार व्हायच्या आत परत तेच. मी परत सांगायची, साडीचा रंग बदलून.

जायच्या दिवशी माझा हात धरून म्हणाले, "आली का?"

मी हौ म्हटलं. हात घट्ट धरला त्यांनी. पण कुणाचा समजून? साड्यांचं सांगणाऱ्या त्या बाईचा, का माझा?

रुसले पत्ते तर रुसोत. पुढच्या खेपेला जाऊबाईचं म्हणून विचारीन.