मालगाड्या वळवल्या तेव्हा

ती. आई,
पायांवर डोकं ठेवते. मी ठीक आहे, जेवते वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

रुळांशेजारी आम्ही कंपनं मोजतो, हे मागे लिहिलंच होतं. गाडी गेली की जमीन थरथरते आणि त्या थरथरीवरून खाली काय आहे ते कळतं. तू फरशी ठोकून पोकळ आहे का बघतेस, तसंच. फक्त ठोकायला मालगाडी.

रुळांलगतच्या घरांखाली पोकळी दिसली. माझंच चुकलं असेल म्हणून यंत्रं काढून नव्यानं पुरली. पोकळी तिथंच.

साहेब म्हणाले, "पुन्हा मोजा." आणि नेमक्या त्याच दिवशी मालगाड्या दुसऱ्या मार्गानं वळवल्या! हलक्या गाड्यांच्या थरथरीत खोलवरचं काही दिसेना. तर म्हणतात, "बघा बाई, जमीन ठणठणीत. करा सही." दिवा विझवायचा आणि वर म्हणायचं, खोलीत कुणी नाही! लाजा कशा वाटत नाहीत?

मी सही केली नाही. लोकांना सांगायची मी घाई तर करत नाही ना, हे दिवसभर स्वतःला विचारलं. मग माझ्या घरमालकीणबाईंना सगळं सांगितलं. (हो, माझी खोली त्याच घरांत आहे. रागावू नकोस.) हातातली इस्त्री आपटून त्या म्हणाल्या, "आणि हे मेले आम्हाला गप्प झोपू देणार होते?"

आता आम्ही दोघी दारोदार सांगायला निघतोय. नोकरी बहुधा जाईल. अवेळी दारात दिसले तर दचकू नकोस. माझी गादी तेवढी उन्हात टाकून ठेव.

तुझीच,
धाकटी