चोवीसपैकी चोवीस

सांगली, रविवार

प्रिय उत्कर्षा,

अक्षर ओळखलं असशील. याच अक्षरात लाल शाईने तुझ्या सातवीच्या वह्या रंगवल्या होत्या. मी अजून म्हसवडजवळच्या आपल्या वाडीवरच शिकवते. माझा निमिष कॉलेजात गेला. पाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज पानभर लिहायला बसले आहे, याचा तुला राग आला तर तो बरोबरच आहे.

लॉकडाऊनच्या जूनमध्ये तुझ्या आईचा, बयाबाईचा, फोन आला होता. मेंढरं घेऊन शिराळ्याकडे निघालोय, शाळा बंदच हाय तर पोरीला संगं नेऊ का, असं ती विचारत होती. मीच नको म्हणाले. शाळा फोनवर भरते, मेंढरांमागे रेंज कुठून मिळणार, तिला चुलत्याकडे ठेवा, असं ठणकावून सांगितलं. रोज दहा ते अकरा फोन तुझ्या हातात द्यायचा, हे तुझ्या चुलत्याकडून, नाथाजीकडून कबूलही करून घेतलं. मोठा तीर मारल्यासारखं वाटलं होतं मला.

पहिले पंधरा दिवस तू दिसलीस. मागे शेरडं ओरडतात म्हणून माइक बंद ठेवायचीस आणि माझी बोलणी खायचीस. मग दिसेनाशी झालीस. नाथाजीला विचारलं, तर पोरगी रानात गेलीया, उद्या बसवतो म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही. इकडे रोज संध्याकाळी वरून लिंक यायची, किती मुलं जोडली ते भरा. एक जरी कमी भरलं तरी कारण द्या, पालकभेट करा, फोटो पाठवा. जिल्हाबंदीत सांगलीच्या घरून वाडीवर यायचं कसं? मी चोवीसपैकी चोवीस भरायला लागले आणि हजेरीपटावरही तसंच उतरवत गेले. बाकीचेही तेच करत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची! पुढे बंदी उठली तरी मी आले नाही. त्याला मात्र माझ्याकडे काही कारण नाही.

नाथाजीवर बयाबाईचा भरवसा नव्हता. दर बाजाराच्या दिवशी कुणाचा तरी फोन मागून ती मला विचारायची, आवं बाई, पोर दिसती न्हवं? दिसते, मी सांगायचे. अभ्यासही करते. एवढं ऐकून ती बिचारी निर्धास्त व्हायची.

डिसेंबरात नाथाजीने तुझं लग्न लावून दिलं. तू तेरा वर्षांची होतीस. तुझ्या आईवडिलांना आठ दिवसांनी कळलं. बयाबाईने फोन केला, पण मला शिवीसुद्धा दिली नाही. बाई, तुमी तर म्हनला दिसती, एवढंच बोलली. मी फोन ठेवून दिला. त्या संध्याकाळीही मी चोवीस भरले. उत्कर्षा, मला स्वतःची किळस येते.

गेल्या महिन्यात तुझ्या सासरच्यांचे वकील साताऱ्याहून शाळेत आले, तेव्हा समजलं की तू लग्न रद्द करून मागते आहेस. मला फार बरं वाटलं. पण ते म्हणतात, लग्न तू अठराची झाल्यावरच लागलं. पुराव्याला त्यांनी माझ्या हजेरीपटाची नक्कल नेली आहे. डिसेंबरातल्या त्या लग्नाच्या दिवशी आणि पुढे वर्ष संपेपर्यंत त्यात तू हजर आहेस. खाली सही माझी.

म्हणून हे पत्र. ते तुझ्या वकिलांना दे. पुढच्या तारखेला मी स्वतः साक्षीला येते आहे. निमिष म्हणतो, निवृत्तीला चार वर्षं उरलीत, कशाला विस्तवात हात घालतेस? कालपासून तो माझ्याशी बोललेला नाही. नोकरीचं व्हायचं ते होईल. उलटतपासणीत ते वकील मला भर कोर्टात खोटारडी म्हणतील. तू मान खाली घालू नकोस, त्यांना म्हणू दे. ते खरंच आहे, आणि ते सिद्ध झालं तरच तू सुटशील.

तुझीच,
विजयमाला बाई