कबुलीचा भाव

४ मार्च

सुथिनने खून केला. माझ्या बर्फाच्या ट्रकवरचा जुना ड्रायव्हर. परवा दारूच्या भरात प्रासोपला बर्फाच्या टोच्याने भोसकलं. पोलिसांनी नुसत्या संशयावर उचललंय. मला सगळं सांगितलं, पोलिसांना काही नाही.

५ मार्च

वकीलबाई म्हणाल्या, "जन्मठेप धरून चला. कबूल केलं तर निम्मी. पण साक्षीदार मिळायच्या आत हं, शेठ. नंतर बोलला तर न्यायाधीश म्हणतात, कोंडीत सापडला म्हणून बोलला. मग सूट नाही."

म्हणजे माझ्याच मालासारखं — वेळेत विकला तर बर्फ, नाहीतर पाणी.

६ मार्च

बाजारात कानावर आलं — नूडलवाल्या बाईने सगळं पाहिलंय, उद्या ठाण्यावर जाणार. तसाच कोठडीकडे गेलो.

"आईला सांगून बसलोय, मी नाही केलं म्हणून," सुथिन म्हणाला.

"आईचं मी बघतो. तू फौजदाराला सांग. आत्ता."

"शेठ, तुम्हाला बरा सगळ्याचा भाव कळतो."

संध्याकाळी बोलला एकदाचा.

८ मार्च

पोलिसांनी त्याला जागेवर नेलं — कसं मारलं ते पत्रकारांसमोर करून दाखवायला, इथे नेहमी नेतात तसं. एक हवालदार प्रासोप होऊन आडवा पडला. "पोट आत घ्या, साहेब, फोटो येतोय," गर्दीतून कोणीतरी. लोक हसले. प्रासोपचा बाप खाम्पन नाही हसला, शेजारी उभा त्याचा धाकटा मुलगाही नाही.

सुथिनने गुडघे टेकून खाम्पनच्या पायाशी जाईचा हार ठेवला, माफी मागितली. हार मीच आणलेला. न्यायाधीश असले फोटो बघतात, असं वकीलबाईंचं म्हणणं.

म्हातारा माझ्याकडे वळला. "शेठ, तुमचा हार पडलाय. उचला."

उचलला. काय करणार?

१९ ऑगस्ट

निकाल. जन्मठेप, म्हणजे इथल्या कायद्याच्या हिशेबात पन्नास वर्षं. कबुली वेळेवर आली, तपासाला उपयोगी पडली — म्हणून पंचवीस. नीट वागला तर त्याहून लवकर सुटेल. त्याच्या आईने माझे पाय धरले. वकीलबाईंकडे ताडगूळ पाठवला.

प्रासोपची शवपेटी अजून विहारातच आहे. न्याय होईपर्यंत जाळायचं नाही, असं घरच्यांनी ठरवलेलं. आता मोकळे होतील बिचारे.

२० ऑगस्ट

खाम्पनकडे गेलो. म्हटलं, काका, दहनाच्या दिवशी पाहुण्यांच्या सरबताचा बर्फ माझ्याकडून.

"तो सुटेल त्या दिवशी जाळू," म्हातारा म्हणाला.

"तोवर तुम्ही असाल का, काका?"

"मी नसेन. धाकटा असेल."