जोत्यावरची चौकट

मी, कांताबाई खुशाल जांभुळकर, वय एकाहत्तर, राहणार पांढरीटोला, तालुका कुरखेडा, सध्या मुक्काम ताडपत्रीखाली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा दबाव नाही. किळस मात्र भरपूर आहे, ती खाली दिसेलच.

१) घर. ते नाही. मातीच्या भिंती, वर कवेलू, सागाचे वासे असं आमचं घर होतं आणि ते गळत नव्हतं. घरकुल मंजूर झालं तेव्हा इंजिनिअर म्हणाला, "जुनं पाडल्याचा फोटो आल्याशिवाय पुढचा हप्ता नाई भेटत." आम्ही पाडलं. नवं घर जोत्यापर्यंत आलं, पुढचा हप्ता आला नाही आणि ते तिथेच बसलं. तीन पावसाळे झाले, त्यावर शेजाऱ्याच्या बकऱ्या झोपतात.

मागच्या वर्षी सरपंच गुणवंतरावांनी त्याच जोत्यावर मंडप टाकून घरकुल योजनेच्या साहेबांचा सत्कार केला. साहेब म्हणाले, घटनेनं दिलेला निवाऱ्याचा हक्क सरकार टप्प्याटप्प्यानं पूर्ण करतं. मी खालून ओरडले, "मंग पाऊस काऊन टप्प्याटप्प्यानं येत नाई, साहेब?" टाळ्या त्यांनाच पडल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

२) जोतं, त्याखालची जागा, झाकून ठेवलेले वासे, कवेलू आणि जुन्या दाराची चौकट मी माझी सून रिना हिला देते. मुलगा राजदीप याला काही नाही. तो हिला टाकून घुग्घुसला दुसरा संसार थाटून स्लॅबखाली झोपतो. मी डोळे मिटताच वारस म्हणून धावत येईल आणि हिला ताडपत्रीखालूनही हाकलेल. तसं होऊ नये म्हणून हे कागद काळे करते आहे.

रिना, पुढच्या हप्त्याची वाट बघू नकोस. त्याच जोत्यावर मातीच्या भिंती घाल, वर आपलेच वासे चढव. घरकुलाच्या यादीतून नाव काढलं तर काढू दे.

३) गुणवंतराव पडवीसाठी वासे मागायला आले होते. "सडून राह्यले बाई, मले देऊन टाका." त्यांना ताडपत्रीचा फाटका कोपरा द्यावा. माझ्या शोकसभेत त्यांनी बोलू नये. राहवलंच नाही तर खाली चिखलात उभं राहून बोलावं.

४) मला ताडपत्रीखालून वाकवून बाहेर काढू नका. वाकून जगणं पुरे झालं. जोत्यावर चौकट उभी करा, बांबूचे टेकू द्या. मला आतल्या बाजूला ठेवून त्रिशरण-पंचशील म्हणा आणि दारातून सरळ बाहेर न्या. कुणालाही फोटो काढू देऊ नका.

मला पोचवून आल्यावर चौकट उतरवायची नाही. रिनाने त्याच दारातून आत जायचं आणि पहिली भिंत चौकटीला लागूनच घालायची.

सही: कांताबाई खुशाल जांभुळकर

हे आमच्यासमोर लिहिलं व सही केलं:
मुखरू सहारे, शेजारी (बकऱ्या यांच्याच)
चंचल खोब्रागडे, अंगणवाडी सेविका

पांढरीटोला, ४ जून २०२५. आभाळ भरून आलं आहे.