निगरगट्ट बाईची पुढची खोली

मी, हाडं बसवणारी म्हातारी, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर, अक्षरशत्रू पण पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र सांगते आहे. लिहून घेणारे वकील. त्यांनी भाषा नीट करावी, मला नीट करायला जाऊ नये.

१. बँकेतली ठेव आणि मागच्या दोन खोल्या मुलाला.

२. पुढची खोली, जिथे पंचेचाळीस वर्षं मी लोकांची हाडं बसवली, ती खोली, बाकडं, फळ्या, पट्ट्या यांसह, मुलीला. मुलाला ती दुकानासाठी हवी आहे. तो इथेच उभा आहे. म्हणतो, "तिला कशाला, आई? बाबा गेले तेव्हा डोळ्यांतून टिपूस नाही काढलं तिने. निगरगट्ट आहे, अगदी तुझ्यासारखी."

म्हणूनच तिला.

वकील म्हणतात, "आजी, आपण 'कठोर' लिहू." नको. कठोर बापाला म्हणतात, आणि वर मान देतात. निगरगट्ट बाईला म्हणतात, तिला ऐकू जाईल अशा बेताने. तोच शब्द घाला.

३. त्याचा खुलासा. कळवळणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं की हात ढिला पडतो, हाड वाकडं बसतं. म्हणून मी माणसाला बोलण्यात गुंतवते आणि उत्तर अर्ध्यावर असताना ओढते. मुलगा नऊ वर्षांचा असताना झाडावरून पडला. विचारलं, "शाळेत आज काय झालं रे?" तो सांगायला लागला, मी कोपर ओढलं. कोपर आजही सरळ आहे. शाळेतलं मात्र त्याने पुन्हा कधी काही सांगितलं नाही. ते माझ्या नावावर, मान्य.

मुलीने अंथरुणाला खिळलेल्या बापाला चार वर्षं दर दोन तासांनी कुशीवर वळवलं. तो शिव्या द्यायचा, ती वळवायची. पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. रडणारे पाहुणे चहा पिऊन गेले.

४. कोणाची हरकत असेल, तर त्याने वरचं कलम चारचौघांत मोठ्याने वाचावं, मग तोंड उघडावं.

५. मी गेल्यावर मुलीला "आता तरी रड" असं कोणी म्हणू नये. आत्ता ती आत नळ सोडून उभी आहे. भांडी मघाशीच घासून झाली. नळ बंद होईपर्यंत कोणी आत जाऊ नये.

साक्षीदार: डॉक्टर. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं त्यांनी तपासलं. त्यांचा खांदा मी बसवला, हे ते दवाखान्यात सांगत नाहीत.
साक्षीदार: शेजारचा सुतार.

डाव्या अंगठ्याचा ठसा माझा. वकील हात धरायला आले होते. म्हटलं, दुसऱ्याचा हात धरायचं काम माझं.

स्थळ: पुढची खोली. अकरा मार्च, सकाळी साडेदहा.