बोर्ड दिसत नाही

३ मार्च, सकाळी
झाडांच्या नर्सरीच्या पार्किंगवाल्या कंपनीचं पत्र. १९ फेब्रुवारीला दोन तासांच्या वर एकोणचाळीस मिनिटं गाडी उभी होती म्हणे. शंभर पौंड दंड, चौदा दिवसांत भरला तर साठ. एक पेनी देणार नाही. प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. हिरवी फाइल उघडली.
तेरा तारखेला मेव्हिसचा अंत्यविधी. आईचं ते सगळं आमची मॉरवेना बघतेय.

५ मार्च
कंपनीच्या वेबसाइटवर फोटो आहे. गाडी आत शिरतानाचा, समोरून. मी स्टिअरिंगवर, शेजारी मेव्हिस, मोहरीच्या रंगाची लोकरी टोपी घालून. तोंड उघडं, हात वर. मला काहीतरी सांगतेय. काय ते आठवत नाही.
पुरावा म्हणून फोटो दिवसातून एकदा तपासायचा, असं ठरवलं. आज चारदा तपासला.

८ मार्च
मॉरवेनाचा फोन. म्हणाली, बाबा, आई आजारी होती, गाडीपर्यंत चालायला तिला अर्धा तास लागला, चार दिवसांनी गेली, एवढंच लिहा, लगेच सोडतील. म्हटलं, तुझ्या आईच्या नावाने भीक मागणार नाही. कायद्याने जिंकेन. पोरीला कायद्यातलं काय कळतंय.
अपील पाठवलं. मुद्दा एकच: दोन तासांच्या मर्यादेचा बोर्ड दिसत नाही. 'गाडीतल्या कोणालाही तो दिसला नाही,' असं ठणकावून लिहिलं.

१३ मार्च
अंत्यविधी. सँडविच बरी होती. शेजारचा रेग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, डेन्झिल, काहीही लागलं तर सांग. म्हटलं, मोजपट्टी. त्याने खांद्यावरचा हात काढला. मग आणून देतो म्हणाला.

१६ मार्च
मोजपट्टी घेऊन नर्सरीत. बोर्ड आठ फूट उंच, अक्षरं बोटाच्या पेराएवढी. केस जिंकल्यातच जमा.
आनंदात तिथल्याच कॅफेत चहाला बसलो, आमच्या खिडकीजवळच्या टेबलावर. सवयीने दोन चहा, दोन स्कोन बन सांगून बसलो. वाढणाऱ्या मुलीने विचारलं, समोरची खुर्ची नेऊ का? नको म्हटलं. मेव्हिस शेजारच्या डेव्हन परगण्यातली, स्कोनवर आधी साय, मग जॅम. आम्ही कॉर्नवॉलवाले आधी जॅम. एकावन्न वर्षं यावरून भांडलो. आज दुसऱ्या स्कोनला आधी साय लावली. चव तीच लागते. दोन्ही चहा संपवायला वेळ लागला.

२४ मार्च
दुसरं पत्र. सोळा तारखेचं, बावन्न मिनिटं जास्त. याचाही फोटो आहे. शेजारच्या सीटवर मोजपट्टी. हा रोज तपासायची गरज नाही. दंड भरून टाकला. मुख्य केसला फाटे नकोत, म्हणून.

२८ मार्च
मॉरवेना आली. तिला पहिला फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, बाबा, आई बोर्ड दाखवतेय. बोट बघा ना. वाचून दाखवतेय तुम्हाला. दिसेल तो बोर्ड ती वाचायची, आणि तुम्ही नुसतं हं हं करायचा.
मी म्हटलं, कॅमेऱ्याचा कोन फसवा आहे. ती रडायला लागली. मी चहाचं आधण ठेवलं.

२ एप्रिल
जिंकलो. 'दुःखद परिस्थिती लक्षात घेऊन' दंड रद्द. मॉरवेनाने मला न विचारता त्यांना सगळं कळवलं होतं. फोनवर तिला झापलं. रेगने येऊन अभिनंदन केलं, मोजपट्टी परत नेली.

दुपारी
फोटो तपासायला वेबसाइट उघडली. या क्रमांकाची नोंद नाही, असं येतं. गाडीचा नंबर पुन्हा टाकला. नोंद नाही. कॉपी काढून ठेवायचं सुचलंच नाही. रोज तिथे असायची ती.

४ एप्रिल
रात्री झोप नाही. कंपनीला पत्र लिहिलं, नक्कल इथे उतरवतो.
'महोदय, माझं अपील खोटं होतं. बोर्ड दिसत होता. माझ्या बायकोने तो मला वाचून दाखवला: दोन तास, डेन्झिल, दोनच तास. मी हं म्हटलं, ऐकलं नाही. चूक सर्वस्वी माझी. कृपया दंड पुन्हा लावावा आणि फोटो होता तिथे परत ठेवावा. पूर्ण शंभर पौंडांचा चेक सोबत जोडला आहे.'