एकाच जागी झिजलेला पडदा

प्रिय छोट्या,

जाताना तू आईसाठी जो लॅपटॉप ठेवून गेलास, त्याच्या पडद्याची हकीकत तुला कळवायची आहे. मशीन उत्तम चालतं. पण पडद्यावर डाव्या अंगाला तळहाताएवढा पांढुरका चट्टा पडला होता, भिंतीचे पोपडे सुटावेत तसा. पुसला की वाढायचा. आईचं म्हणणं एकच, ‘यामुळे तो नीट दिसत नाही, तेवढं दुरुस्त करून आणा.’ तू गेल्यापासूनच्या अकरा महिन्यांत तिने माझ्याकडे मागितलेली ही एकमेव गोष्ट.

तू मला ओळखतोस. लॅपटॉप काखोटीला मारून कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, वॉरंटी अठरा दिवसांपूर्वी संपली. मग मी बोललो. कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षं कामगारांपुढे बोललो तसाच. तुम्ही वस्तू विकता की मुदत विकता, इथपासून सुरुवात केली. रांगेतल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचा नंबर पुकारला. सलग आठ दिवस जाऊन भांडलो. टाळ्यांनी चट्टा जात नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेला. त्याने पडदा उजेडात तिरका धरला. म्हणाला, ‘काका, हा थर काचेची चकाकी कमी करायला असतो. माल वाईट असला तर कडेकडेने सुटतो. तुमचा एकाच जागी झिजलाय. इथे हात कोण फिरवतं?’ मी त्याला झाडलं. कंपनीचं पाप गिऱ्हाइकाच्या माथी मारू नकोस म्हणालो. नवा थर चढत नाही, पण उरलेला काढला तर चट्टा जाईल. काच मात्र मग चमकेल, असं तो बिचारा सांगत होता. मी म्हटलं, काढ. अर्धवट काही ठेवायचं नाही, हा माझा बाणा तुझ्याइतका कुणी सोसलाय?

घरी आल्यावर, चालतो का बघावं म्हणून, पहिल्यांदाच आईच्या खुर्चीत बसलो. तुझा रविवारचा व्हिडिओ कॉल चालू असताना मी नेहमी आतल्या खोलीत पेपर धरून बसायचो ना. तिने जपलेलं तुझं एक रेकॉर्डिंग लावलं. शर्टाचं बटण स्वतः कसं शिवलंस, ते तू सांगत होतास. तू मधोमध बसत नाहीस, डावीकडे सरकून बसतोस. चट्ट्याची जागा मला एव्हाना पाठ झाली होती. तिथे बरोबर तुझा गाल येत होता.

इतक्यात ती आली. माझ्या खांद्यावरून हात पुढे नेऊन तिने सवयीने त्या गालावरून फिरवला. तिच्या मागे खिडकी होती. म्हणाली, ‘आता यात मीच दिसते हो.’

त्यानंतरच्या रविवारी मी पेपर टाकून तुम्हा दोघांच्या मध्ये आलो आणि वीस मिनिटं बोललो. घर, कर्तव्य, पळपुटेपणा. एकही मुद्दा सोडला नाही. तू कॅमेरा बंद केलास. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, असं मी तिला छाती फुगवून सांगितलं. त्यानंतर तू कॉल केला नाहीस, आमचा घेतलाही नाहीस. याआधीची माझी दोन पत्रं न फोडता परत आली. ती तिला दाखवलेली नाहीत. तू वाचून विचार करतो आहेस, असं ती धरून चालली आहे. त्या दोन्हींत मी माझी बाजू मांडली होती. यात बाजू नाही. मी चुकलो, एवढंच आहे, आणि हेही बहुधा परत येईल. तरी लिहून ठेवतो. दर रविवारी नऊ वाजता मी खाली बाकावर जाऊन बसतो, म्हणजे कॉल केलास तर घरात ती एकटीच असेल. दहा वाजता वर येतो. लॅपटॉप बंद असतो, आणि काचेवर डाव्या अंगाला बोटांचे ठसे असतात. मी ते पुसत नाही.

तुझाच,
बाबा